झुरिचचे पाणी

शास्त्रपाठ : यहोशवा ४:१-९, मत्तय १३:२४-३०, रोम १४:१-१३
पाठ करण्यासाठी : इफिस ४:३२ (शिक्षकांनी शास्त्रातून काढून वर्गाकडून म्हणवून घ्यावे)
पाठाचा उद्देश : मतभेद झाला म्हणून भाऊ परका होत नाही, आणि झालेली चूक कबूल करण्यास उशीर करू नये, हे समजून घेणे.



परदेशप्रवासाचे वर्णन म्हटले की त्यात विमान, बर्फ, घड्याळे आणि चॉकलेट यांची रेलचेल असते. तसे वर्णन लिहिण्याचा माझा विचार नव्हता. पण २०२५ च्या सप्टेंबरात आठ दिवस झुरिच शहरात राहण्याचा योग आला. माझ्या धाकट्या भावाची मुलगी तेथे नोकरीस असते. तिने तिकीट पाठवले, म्हणून गेलो. एरवी माझ्यासारख्याच्या ऐपतीतला हा प्रवास नव्हे. मी गेलो प्रवासी म्हणून, सरोवर आणि डोंगर पाहण्यासाठी. परतताना मात्र एका दगडाने माझी झोप उडवली होती. त्या दगडाविषयी सांगण्यासाठीच हा पाठ लिहीत आहे. पण दगडापाशी पोहोचण्यापूर्वी शहराची ओळख करून घेऊ.

१. सरोवर आणि शहर

झुरिच हे स्वित्झर्लंडमधील सर्वांत मोठे शहर. वस्ती चार लाखांहून अधिक. पुष्कळांना ती त्या देशाची राजधानी वाटते, पण सरकार बसते ते बर्न शहरात. झुरिचचे सरोवर सुमारे ४० किलोमीटर लांब व केळासारखे किंचित वाकलेले आहे. फार पूर्वी हिमनदीने कोरलेल्या खोलगट दरीत ते साठले. त्याच्या उत्तर टोकाला शहर वसले आहे, आणि तेथूनच लिमात नावाची नदी सरोवरातून बाहेर पडते. ही नदी जुन्या गावाचे दोन भाग करीत पुढे जाते आणि शेवटी तिचे पाणी ऱ्हाईन नदीला मिळते. हवा स्वच्छ असली तर सरोवरापलीकडे आल्प्सची बर्फाची रांग दिसते. मला ती आठ दिवसांत दोनदाच दिसली.

विमानतळावरून आगगाडीने दहा-बारा मिनिटांत मुख्य स्थानक येते. स्थानकापासून सरोवरापर्यंत बानहोफस्ट्रासे नावाचा सुमारे दीड किलोमीटरचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना बँका आणि जवाहिऱ्यांची दुकाने. एके काळी तेथे गावाच्या तटाचा खंदक होता. एकोणिसाव्या शतकात तो बुजवून हा रस्ता झाला. या श्रीमंत रस्त्यावर एका हिरवळीवर योहान हाइनरिख पेस्टालोझी यांचा पुतळा आहे. शेजारी एक लहान मूल. पेस्टालोझी १७४६ मध्ये याच शहरात जन्मले. गरीब व अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले, आणि मुलाचे डोके, हृदय व हात या तिन्हींना शिक्षण मिळाले पाहिजे असे ते सांगत. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी त्या पुतळ्यापाशी दोन मिनिटे जरूर थांबावे. आपण बहुधा डोक्यापाशीच थांबतो.

शहर महाग आहे हे जाणाऱ्यांनी आधीच समजून असावे. साध्या हॉटेलातील एका जेवणाच्या पैशांत आमच्या घरचा आठवड्याचा बाजार होतो. तेथे युरो नव्हे, स्विस फ्रँक चालतो; व्हिसा मात्र शेंगेनचाच लागतो. दिवसभराचे एक तिकीट काढले की ट्रामने सर्वत्र फिरता येते. सरोवरकाठच्या बुर्कलीप्लाट्झ धक्क्यावरून बोटी सुटतात. दीड तासाची लहान फेरी घेतली तरी दोन्ही काठांवरचे द्राक्षमळे, घरे आणि चर्चचे मनोरे पाहून होतात. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. स्थानकातली तेवढी उघडी असतात. तेव्हा शनिवारीच पाव आणि दूध आणून ठेवावे.

एक गोष्ट मात्र तेथे फुकट आहे, ती म्हणजे पाणी. शहरात बाराशेहून अधिक कारंजी आहेत आणि जवळपास सगळ्यांचे पाणी पिता येते. रस्त्याने जाणारा माणूस वाकतो, ओंजळ भरतो, पितो आणि पुढे जातो. ज्याच्या घरी नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येते अशा माणसाला हे दृश्य पाहून काय वाटले असेल, हे आपण समजू शकाल. शहराच्या पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी त्या सरोवरातूनच घेतात.

पण हे पाणी नेहमीच असे नव्हते. १८६७ मध्ये झुरिचमध्ये पटकीची साथ आली आणि १८८४ मध्ये विषमज्वराची. पुष्कळ माणसे मेली. त्यानंतर गटारे, गाळण्या, शुद्धीकरणाची केंद्रे अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या करावी लागली. आमचे पाणी दूषित झाले आहे, हे आधी कबूल करावे लागले. मगच ते शुद्ध झाले. हा मुद्दा शिक्षकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत येऊ.

२. तीन उपासनामंदिरे

जुन्या गावात पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर तीन प्रसिद्ध चर्चे आहेत.

नदीच्या पश्चिम काठावर फ्राउम्युन्स्टर. हा मूळचा स्त्रियांचा मठ. ८५३ मध्ये जर्मन राजा लुडविग याने तो स्थापला. शेकडो वर्षे या मठाची प्रमुख स्त्री हीच शहराची मालकीण मानली जाई. १५२४ मध्ये शेवटची मठाधिकारिणी काथारिना फॉन झिमर्न हिने मठ व त्याचे सर्व अधिकार शांतपणे शहराच्या स्वाधीन केले, त्यामुळे रक्तपात टळला. आज लोक तेथे जातात ते मार्क शागाल या यहूदी चित्रकाराने केलेल्या रंगीत काचेच्या पाच उंच खिडक्या पाहण्यासाठी. त्या १९७० मध्ये बसवल्या. तेव्हा शागाल ८३ वर्षांचे होते. संदेष्टे, याकोबाचे स्वप्न, ख्रिस्त, सियोन आणि नियमशास्त्र असे त्यांचे विषय आहेत. सकाळच्या उन्हात त्या पाहाव्यात. आत जाण्यासाठी शुल्क आहे. उपासनेला येणाऱ्यास अर्थातच नाही.

जवळच सेंट पीटर चर्च. त्याच्या मनोऱ्यावरील घड्याळाच्या तबकडीचा व्यास ८.७ मीटर आहे. चर्चच्या घड्याळांत युरोपमधील ही सर्वांत मोठी तबकडी.

पूल ओलांडून पलीकडे गेले की दोन जुळ्या मनोऱ्यांचे ग्रोसम्युन्स्टर दिसते. आम्हा प्रॉटेस्टंटांना या वास्तूचे महत्त्व विशेष. १ जानेवारी १५१९ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, उलरिख झ्विंग्ली यांनी येथे उपदेशास आरंभ केला. ठरावीक रविवारचे ठरावीक उतारे बाजूला ठेवून त्यांनी मत्तयाचे शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून क्रमाने समजावून सांगण्यास घेतले. त्याच वर्षी शहरात प्लेग आला. झ्विंग्ली स्वतः आजारी पडले, पण वाचले. १५२२ च्या उपवासकाळात ख्रिस्तोफ फ्रोशाउअर या छापखानेवाल्याच्या घरी काही जणांनी मांसाचे सॉसेज खाल्ले. झ्विंग्ली तेथे हजर होते. त्यांनी स्वतः खाल्ले नाही, पण खाणाऱ्यांची बाजू मात्र व्यासपीठावरून घेतली. १५२३ मध्ये जाहीर वादविवाद झाले, १५२४ मध्ये मूर्ती व चित्रे काढली गेली, आणि १५२५ च्या ईस्टरला मिस्साऐवजी साधे प्रभुभोजन आले. चर्चच्या गाभ्यात विद्वान मंडळी बसून इब्री, ग्रीक व लॅटिन ग्रंथ ताडून पाहत. त्यातून लोकभाषेतील शास्त्राचे भाषांतर झाले, आणि १५३१ मध्ये फ्रोशाउअर यांनी त्याची मोठी सचित्र आवृत्ती छापली.

एका मनोऱ्यावर १८७ पायऱ्या चढून जाता येते. मी धापा टाकत चढलो. वरून सरोवर, नदी, पूल आणि तिन्ही चर्चे तळहातावर ठेवल्यासारखी दिसतात. पाहताना माझे मन अभिमानाने भरून आले. आपल्याला आपल्या भाषेत शास्त्र वाचता येते, त्याचा एक झरा येथे फुटला, असे वाटले. शिवाय स्वित्झर्लंडशी आमचे जुने नाते आहेच. त्याच देशातील बासेल शहरातून निघालेले मिशनरी १८३४ मध्ये मंगळूरला पोहोचले आणि काही वर्षांतच धारवाड-हुबळीपर्यंत आले. आमच्या सीमाभागातील मंडळ्यांना बासेल मिशनचे नाव घरच्यासारखे आहे.

मनोऱ्यावरून उतरलो तो या समाधानात.

३. नदीकाठचा दगड

त्याच संध्याकाळी पुतणी म्हणाली, “काका, चला, नदीच्या काठाने फिरून येऊ.” लिंडेनहोफ नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी, नदीला लागून, शिप्फे नावाची जुन्या घरांची ओळ आहे. ऊन होते. खालच्या बाजूला नदीच्या स्नानघाटावर तरुण मुलेमुली पाण्यात उड्या मारीत होती. प्रवाहाबरोबर वाहत जाऊन काठाला लागत होती. तेथे हा उन्हाळ्याचा रोजचा खेळ आहे. पाणी इतके स्वच्छ की तळ दिसतो.

काठाच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली होती. मजकूर जर्मन भाषेत. पुतणीने वाचून अर्थ सांगितला. येथे, नदीच्या मध्यभागी, कोळ्यांच्या मचाणावरून फेलिक्स मान्झ आणि आणखी पाच बाप्तिस्मावाद्यांना १५२७ ते १५३२ या काळात बुडवून मारण्यात आले. त्या पंथाच्या हान्स लांडिस या शेवटच्या माणसाला १६१४ मध्ये देहदंड झाला.

मी विचारले, “कोणी बुडवले? पोपच्या लोकांनी?” ती म्हणाली, “नाही काका. आपल्या लोकांनी.”

हा इतिहास मी धर्मशास्त्राच्या पदविकेसाठी वाचला होता. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीपही लिहिली होती. पण पुस्तकातील ओळ वेगळी आणि वाहते पाणी वेगळे.

फेलिक्स मान्झ हा ग्रोसम्युन्स्टरच्याच एका धर्माधिकाऱ्याचा मुलगा. इब्री भाषेत पारंगत. तो आणि त्याचा मित्र कोनराड ग्रेबेल हे झ्विंग्लींच्या अभ्यासमंडळातले, त्यांच्याच हाताखाली शास्त्र शिकलेले तरुण. गुरूने सांगितले होते की जे शास्त्रात आहे तेच धरा. या शिष्यांनी शास्त्र वाचले आणि विचारले, मग तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा शास्त्रात कोठे आहे? विश्वास धरणाऱ्यानेच बाप्तिस्मा घ्यावा असे त्यांचे मत झाले. सुरुवातीस खुद्द झ्विंग्लींच्या मनातही याविषयी शंका होती. पुढे मात्र त्यांनी बालबाप्तिस्म्याची बाजू ठामपणे घेतली.

जानेवारी १५२५ मध्ये नगरसभेपुढे वाद झाला. नगरसभेने निकाल दिला की आठ दिवसांच्या आत मुलांचा बाप्तिस्मा न करणाऱ्यांस शहराबाहेर घालवावे. २१ जानेवारीच्या रात्री ही मंडळी मान्झच्या आईच्या घरी जमली. ते घर ग्रोसम्युन्स्टरच्या जवळच होते. तेथे ग्रेबेलने जॉर्ज ब्लाऊरॉक यास बाप्तिस्मा दिला आणि मग ब्लाऊरॉकने इतरांना. आज जगभर पसरलेल्या मेनोनाईट व तत्सम मंडळ्यांचा उगम त्या रात्री झाला.

आजच्या माणसाला प्रश्न पडेल की यात मरणाची शिक्षा देण्यासारखे काय होते? त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे केवळ मंडळीत प्रवेश नव्हे, तर शहराचा रहिवासी म्हणून नोंद. शहर आणि मंडळी एकच. शिवाय त्या लोकांपैकी बरेच जण शपथ घेण्यास व शस्त्र धरण्यास नकार देत. शत्रूंनी वेढलेल्या लहानशा शहराला वाटले, हे घर आतून फोडीत आहेत. मार्च १५२६ मध्ये ठरले की जो पुन्हा बाप्तिस्मा देईल त्याला बुडवावे. पाण्याचा हट्ट धरतात ना, मग पाणीच द्या, अशी ही क्रूर थट्टा होती.

५ जानेवारी १५२७. कडाक्याची थंडी. मान्झला होडीतून नदीच्या मध्यावर नेले. हात बांधून गुडघ्यांवरून ओढले आणि मध्ये काठी घातली. काठावर त्याची आई आणि भाऊ उभे होते. ती माघार घे म्हणून रडली नाही. विश्वासात स्थिर राहा म्हणून ती त्याला धीर देत होती. आपला आत्मा प्रभूच्या हाती सोपवीत तो पाण्यात गेला. वय तिशीच्या आसपास.

ज्या व्यासपीठावरून मत्तयाचे शुभवर्तमान क्रमाने सांगितले गेले, त्यावरून तेराव्या अध्यायातील निदणाचा दाखलाही सांगितला गेला असलाच पाहिजे. धनी चाकरांना सांगतो की उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. तो दाखला ऐकलेल्या शहराने नदीच्या मध्यावर जाऊन उपटणी केली. आणि उपटले ते गहू होते की निदण, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता?

४. माणूस एकच, कामे दोन

येथे शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. झ्विंग्लींना खलनायक करून पाठ सोपा करू नये.

याच झुरिचने १५२५ मध्ये मठांचे उत्पन्न गरिबांसाठी लावले. रोज मोठ्या भांड्यात लापशी शिजवून भुकेल्यांना वाटली जाई. झ्विंग्लींच्या मागून आलेले हाइनरिख बुलिंगर यांच्या काळात, १५५५ मध्ये, लोकार्नो गावातून विश्वासासाठी हाकललेल्या कुटुंबांना याच शहराने आसरा दिला. तेच शहर, तेच शास्त्र, आणि फार करून तीच माणसे. भुकेल्याला लापशी देणारा हात आणि भावाला पाण्यात ढकलणारा हात, दोन्ही एकाच देहाचे.

खुद्द झ्विंग्ली १५३१ मध्ये कापेलच्या लढाईत मारले गेले. नदीकाठच्या वासरकिर्खे या चर्चमागे त्यांचा पुतळा आहे. तो १८८५ मध्ये उभारला. त्याच्या हातात शास्त्र आहे आणि तरवारही आहे. मी त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभा होतो. शास्त्राला तरवारीची सोबत लागते असे ज्या दिवशी आपल्याला वाटू लागते, त्या दिवसापासून आपला शास्त्रावरचा विश्वास कमी झालेला असतो.

झुरिचच्या झीलफेल्ड कबरस्तानात हेन्री ड्यूनां यांची कबर आहे. रेड क्रॉसची कल्पना त्यांची, जिनिव्हातील वाय. एम. सी. ए. च्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार. १८६७ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले, आणि ज्या संस्था त्यांनी उभ्या केल्या त्यांनीच त्यांना बाहेर केले. पुढे किती तरी वर्षे त्यांनी गरिबीत व विस्मृतीत काढली. १९०१ मध्ये त्यांना शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याच माणसाला बाहेर काढण्याचा हा रोग कोण्या एका शतकाचा किंवा एका पंथाचा नाही.

५. दगड कोणी बसवला?

आता महत्त्वाचा प्रश्न. ती पाटी कोणी बसवली? मारलेल्यांच्या वंशजांनी नव्हे. २६ जून २००४ रोजी झुरिचच्या सुधारित मंडळीने आणि शहराने मेनोनाईट व इतर पाहुण्यांना बोलावून ती बसवली आणि पूर्वजांच्या हातून झालेल्या अन्यायाची जाहीर कबुली दिली. १५२७ पासून २००४ पर्यंत मोजा. ४७७ वर्षे लागली.

२९ मे २०२५ रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, त्या रात्रीच्या बाप्तिस्म्याला पाचशे वर्षे झाल्याबद्दल जगभरचे मेनोनाईट झुरिचमध्ये जमले. मी पोहोचलो त्याच्या साडेतीन महिने आधीची ही गोष्ट. उपासना झाली ती ग्रोसम्युन्स्टरमध्येच. ज्यांच्या पूर्वजांना त्या चर्चच्या पुढाऱ्यांनी पाण्यात लोटले, तेच त्या चर्चमध्ये बसून गायले. हे नातेही आपल्यापासून दूर नाही. हैदराबादच्या वाचकांना शमशाबाद व महबूबनगरकडील मेनोनाईट ब्रदरन मंडळ्या ठाऊक आहेत. छत्तीसगडात धमतरीचे मेनोनाईट मिशनचे इस्पितळ प्रसिद्ध आहे. त्या बंधुभगिनींची मुळे लिमातच्या या काठाशी पोहोचतात.

यहोशवाने यार्देनेतून बारा दगड काढून उभे केले ते कशासाठी? पुढे मुले विचारतील की हे दगड कशाचे, तेव्हा आईबापांना सांगता यावे म्हणून. तो दगड देवाच्या उपकारांचा होता. लिमातकाठचा दगड माणसांच्या अपराधाचा आहे. मुलांना दोन्ही दगडांचा अर्थ सांगितला पाहिजे. पहिल्याचाच सांगितला तर मुले गर्विष्ठ होतात.

६. आमचे दप्तर

येथवर मी झुरिचविषयी लिहिले. आता माझ्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण त्याशिवाय हा पाठ शिकवण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या मंडळीत एक कुटुंब होते. आई, मुलगा, सून आणि नातवंडे. आईंनी अनेक वर्षे शब्बाथशाळा घेतली. मी त्यांच्याच वर्गात शिकलो. आम्ही त्यांना बाई म्हणत असू. त्या सुपात गहू आणून मुलांना खडे वेचायला लावीत आणि निदणाचा दाखला सांगत. काही वर्षांपूर्वी सून फार आजारी पडली. त्या दिवसांत मुलगा आणि सून दुसऱ्या एका प्रार्थनासभेला जाऊ लागले, आणि तिच्या दुखण्याला उतार पडल्यावर दोघांनी तलावात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला.

कमिटीची सभा झाली. मी सेक्रेटरी होतो. आमच्या नियमांप्रमाणे दोघांची नावे सभासदांच्या यादीतून कमी करण्याचे आणि त्यांना प्रभुभोजनास मनाई करण्याचे ठरले. पत्र मी लिहिले. पदविका झालेली, तेव्हा शास्त्राचे तीन आधारही दिले. अक्षर चांगले होते म्हणून शाबासकीही मिळाली.

बाईंनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला नव्हता. पण मुलगा ज्या मेजाला बसू शकत नाही तेथे मी कशी बसू, असे म्हणून त्याही येईनाशा झाल्या. त्यांचा बाक रिकामा दिसे. काही महिन्यांनी तेथे दुसरे कोणी बसू लागले. दोन वर्षांनी त्या वारल्या. कबरस्तानात पतीशेजारी जागा द्यावी म्हणून मुलगा रात्री आला. कमिटीने सांगितले, उद्या सभा घेऊन कळवतो. उन्हाळ्याचे दिवस होते, माती थांबवता येत नव्हती. त्यांनी सकाळी गावाबाहेरच्या दुसऱ्या जागेत दफन केले. मी गेलो नाही. विचारणाऱ्यांना मी म्हणालो, “नियम आहे.”

आम्ही कोणाला नदीत बुडवले नाही. पण काठावर उभ्या असलेल्या मान्झच्या आईची गोष्ट ऐकताना मला बाई दिसल्या, आणि पुतणीला मी म्हणालो, “चल, घरी जाऊ.”

बाप्तिस्म्याविषयी माझे मत बदललेले नाही. विश्वासी आईबापांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा हीच आपल्या मंडळीची शिकवण मी मानतो आणि शिकवतो. पुन्हा बाप्तिस्मा घेणे योग्य नव्हे, हेही मानतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल मतभेद नाहीत असे म्हणतच नाही. मतभेद आहेत हे धरूनच तो विचारतो की दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? शिकवण धरून ठेवणे हा एक प्रश्न आहे, आणि भावाचे काय करावे हा दुसरा. मी दोन्हींना एकच उत्तर दिले, तेथे चुकलो.

परत आल्यावर त्या घरी गेलो. बाईंचा मुलगा माझ्याच वयाचा, एका वर्गातला. त्याने चहा ठेवला. मला जे बोलायचे होते ते मी बोललो. तो ऐकून घेऊन म्हणाला, “आलास, बरे केलेस. पण ते पत्र तू लिहिलेस ना? मग ते तूच परत घे.” मी कमिटीपुढे लेखी अर्ज दिला आहे. त्यात दोन मागण्या आहेत. एक, ते पत्र मागे घ्यावे आणि तसे उपासनेत वाचून दाखवावे. दुसरी, कबरस्तानात बाईंच्या पतीच्या कबरेशेजारी बाईंच्या नावाचा एक लहान दगड बसवू द्यावा. निर्णय अजून व्हायचा आहे. काही वडील मंडळी नाराज आहेत, आणि त्यांचे म्हणणेही मी आदराने ऐकतो. कारण त्यांना पटवण्यासाठी मी पुन्हा तरवारच उचलली तर झुरिचहून काहीच शिकून आलो नाही असे होईल.

सरोवराचे पाणी शुद्ध झाले ते आधी ते दूषित आहे हे मान्य केल्यामुळे, असे वर म्हटले आहे. मंडळीचेही तसेच आहे. झुरिचला ४७७ वर्षे लागली. ज्यांची क्षमा मागायची ते जिवंत असतानाच मागता आली तर किती बरे. मला बाईंच्या बाबतीत ती संधी राहिली नाही. वाचकहो, आपल्याला असेल तर ती दवडू नका.

७. शिक्षकांसाठी

लहान वर्ग : वर्गात एक परात पाणी आणि बारा खडे न्यावेत. यहोशवाची गोष्ट सांगावी. मग एक तेरावा खडा ठेवून मुलांना विचारावे, “आपण कोणाला खेळातून बाहेर काढले होते का?” उत्तर देण्याची सक्ती करू नये.

मोठा वर्ग व तरुण संघ यांनी पुढील प्रश्नांवर चर्चा करावी :

१) झ्विंग्लींचे शिष्य त्यांच्याच शिकवणीवरून वेगळ्या मताला आले. आपल्या विद्यार्थ्याने आपल्याला न पटणारे उत्तर शास्त्रातून काढले तर शिक्षकाने काय करावे?
२) निदणाच्या दाखल्यात धनी उपटण्यास मना करतो. मग मंडळीत शिस्त असू नये काय? शिस्त आणि बहिष्कार यांत फरक कोणता?
३) पूर्वजांच्या चुकीची कबुली आज आपण द्यावी काय? झुरिचच्या मंडळीने २००४ मध्ये केले ते योग्य वाटते का, आणि का?
४) आपल्या मंडळीत रिकामा झालेला एखादा बाक आहे का? तेथे कोण बसत असे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मोठ्याने देऊ नये. त्या घरी जाऊन यावे.